लो फ्रिक्वेन्सीचे दूरचे सिग्नल ऐकायचे तर आधी घर शांत करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाव पाटण तालुक्यात आहे. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा स्वस्त यूएसबी रेडिओ रिसीव्हर) घेतलंय, गच्चीवर वीस मीटर वायर टाकलीय. १०० किलोहर्ट्झच्या खाली नुसती खरखर आणि उभ्या रेघा दिसतात. ऑस्ट्रेलिया, जपान, युरोप इथून ऐकू येतात म्हणे, ते खरं का? आणखी लांब वायर टाकू, की चांगला महाग रिसीव्हर घेऊ?

वायरही नको आणि महाग रिसीव्हरही नको. ऐकू येतं हे मात्र अगदी खरं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकावरचं स्टेशन पुण्यापासून सव्वासहा हजार किलोमीटरवर आहे आणि ते दिवसाढवळ्या, साध्या साउंड कार्डावर दिसतं. तुम्हाला ते दिसत नाही याचं कारण तुमच्या घरात आहे, आणि थोडं डोंगलमध्ये.

डोंगलचं आधी संपवू. आरटीएल-एसडीआरचा ट्यूनर मुळात २४ मेगाहर्ट्झच्या वरच्या कामाचा. त्याच्या काही मॉडेलांत डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय असते, पण तीही ५०० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंतच भरवशाची. त्याखाली अपकन्व्हर्टर, म्हणजे खालची फ्रिक्वेन्सी वर सरकवणारं सर्किट, लागतो. १०० किलोहर्ट्झच्या खाली उतरायचं असेल तर डोंगल बाजूला ठेवा आणि लाइन-इन असलेलं, १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ९६ किलोहर्ट्झपर्यंत ते थेट रिसीव्हरचं काम करतं. घेताना एक बघा: खोक्यावर १९२ लिहिलेली काही कार्डं आतल्या फिल्टरमुळे पंचवीसच्या पुढे काहीच आत घेत नाहीत. चालू मोबाइल चार्जरच्या शेजारी तारेचं एक वेटोळं धरा. तिसाच्या पुढे एकही रेघ उमटली नाही, तर कार्ड परत करा.

हे सिग्नल इतक्या लांब येतात ते त्यांच्या तरंगलांबीमुळे. १८.२ किलोहर्ट्झची लाट साडेसोळा किलोमीटर लांबीची. तिच्या दृष्टीने खाली जमीन-समुद्र आणि वर आयनांबराचा (वातावरणातल्या विद्युतभारित थराचा) तळ, या दोन भिंतींमधली जागा हाच रस्ता. तो तळ दिवसा ७० किलोमीटरच्या आसपास असतो, रात्री ८५ ते ९० वर जातो. या फटीतून जाताना लाट हजार किलोमीटरमागे मोजकेच डेसिबल गमावते, समुद्रावरून तर फारच कमी. शॉर्टवेव्हसारखं आज उघडलं, उद्या बंद, असं इथे होत नाही.

पण ज्या वाटेने सिग्नल येतो त्याच वाटेने आवाजही, म्हणजे नको असलेली खरखरही, येतो. पृथ्वीवर कुठे ना कुठे दर सेकंदाला चाळीसहून जास्त विजा चमकत असतात आणि त्यांची बरीचशी रेडिओ ऊर्जा याच पट्ट्यात असते. त्यामुळे इथे रिसीव्हरच्या संवेदनशीलतेला फारसा अर्थ उरत नाही. हाताएवढ्या लांबीची काडी आणि तिला रिसीव्हरशी जुळवणारं चांगलं सर्किट (बफर) एवढ्यावरही आकाशातला आवाज रिसीव्हरच्या स्वतःच्या आवाजाच्या वर येतो. तुम्ही वायर दुप्पट केलीत तर सिग्नल वाढेल, विजांची तडतड तेवढीच वाढेल आणि शेजाऱ्याच्या एलईडीची घरघर बहुधा त्याहून जास्त. तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे घरातला आणि इमारतीतला आवाज. सगळी मेहनत तिथे करा.

लॅपटॉप बॅटरीवर घ्या. चार्जर नुसता लॅपटॉपमधून नाही, भिंतीतूनही काढा. स्क्रीनवर ० ते ९६ किलोहर्ट्झचा वॉटरफॉल, म्हणजे वेळेबरोबर सरकत जाणारं फ्रिक्वेन्सींचं चित्र, ठेवा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. रेघा गेल्या तर दोषी घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. राहिल्या तर इमारतीत आहे. सगळ्या भागाची लाइट जाते तेव्हा शांतता मिळेल असं वाटतं, पण सोसायटीत त्याच क्षणी घरोघरी इन्व्हर्टर सुरू होतात, आणि त्यातले स्वस्त इन्व्हर्टर एलईडीपेक्षा वाईट. म्हणून शहरात लाइट जाण्याची वाट बघत बसू नका.

रेघांकडे नीट बघायला शिका. खऱ्या स्टेशनची फ्रिक्वेन्सी अणुघड्याळाला बांधलेली असते, त्याची रेघ काटेकोर सरळ राहते. चार्जरची रेघ भटकते. कोथरूडच्या एका मित्राच्या फ्लॅटमध्ये ६५, १३० आणि १९५ किलोहर्ट्झला जाड रेघा होत्या. संध्याकाळी घर तापलं की तिन्ही एकदम एका बाजूला सरकायच्या, पंखा लावला की परत यायच्या. ६५ किलोहर्ट्झ म्हटल्यावर संशय सरळ स्विचिंग अडॅप्टरवर जातो, कारण त्यातल्या अनेक कंट्रोलर चिप त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतात. टीव्ही बंद, पण सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर भिंतीत कायमचा. तो उपटला आणि तिन्ही रेघा एका क्षणात गेल्या. त्यांच्या मागे दडलेली टाइम सिग्नलची (रेडिओवरून अचूक वेळ सांगणाऱ्या स्टेशनांची) जागा पहिल्यांदा काळी दिसली.

आवाजाची वेळही बोलते. ठरावीक अंतराने दहा-पंधरा सेकंदांचा गदारोळ उठत असेल तर लिफ्टच्या मोटरचा ड्राइव्ह तपासा. सूर्य मावळल्यावर पट्टा आपोआप स्वच्छ होत असेल तर कुणाच्या तरी गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. जिन्यातले सेन्सरवाले दिवे रात्रीच उपद्रव देतात. खिशातला जुना ट्रान्झिस्टर मीडियमवेव्हच्या खालच्या टोकाला, स्टेशन नसलेल्या जागी लावून घरभर हिंडा. तो जिथे ओरडेल तिथे थांबा. आणि बाजारातले चिमटीने बसणारे फेराइट मणी यासाठी विकत घेऊ नका. ते मेगाहर्ट्झमध्ये काम करतात, २० किलोहर्ट्झला त्यांचा जवळजवळ उपयोग नाही. इथे उपाय दोनच, वस्तू बंद करणं किंवा तिच्यापासून लांब जाणं.

लांब जाण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा दाखला अलिबागचा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद कित्येक दशकं चालू होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली, १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या आणि मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. ट्राम धावल्या १९०७ मध्ये. म्हणून अलिबागच्या नोंदींची साखळी आजही सलग आहे. तुमच्याकडे पाटणचं गाव आहे, हे त्या दृष्टीने फार मोठं भांडवल आहे.

आता अँटेना. गच्चीवरची वायर उतरवा आणि लूप बांधा. एक मीटर बाजूची चौकोनी चौकट, लाकडाची किंवा पीव्हीसी पाइपची, तिच्यावर साध्या इन्सुलेटेड तारेचे वीस वेढे. याचं इंडक्टन्स साधारण सव्वा मिलिहेन्री येतं. १८.२ किलोहर्ट्झला जुळवायला ०.०६ मायक्रोफॅरॅडच्या आसपास कपॅसिटर लागतो, ४० ला ०.०१३, ६० ला ०.००६ पेक्षा किंचित कमी. पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर घ्या, सिरॅमिक डिस्क नको. पुढे एफईटी ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीअँप (सिग्नल मोठा करणारं सर्किट), मग १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, मग साउंड कार्ड. ट्रान्सफॉर्मर टाळू नका. लॅपटॉपच्या बाजूने येणारी ५० हर्ट्झची गुणगुण तोच अडवतो. कार्डाच्या तोंडाशी दोन डायोड उलटसुलट जोडा, जवळ वीज चमकली तर ते कार्ड वाचवतात.

लूपचा खरा गुण तिच्या चौकटीच्या प्रतलाशी काटकोनात असलेल्या दिशेत आहे. त्या दिशेला ती बहिरी असते, आणि ही बहिरी दिशा फार टोकदार असते. घरातला आवाज बहुतेक वेळा एकाच बाजूने येतो. लूप सिग्नलकडे वळवण्याऐवजी हळूहळू फिरवत आवाज कुठे पडतो ते शोधा. चार-पाच अंशांत चित्र बदलतं, म्हणून खाली कोनमापक चिकटवून ठेवा आणि प्रत्येक स्टेशनसाठीचा कोन वहीत लिहा.

पहिलं स्टेशन शोधायची गरजच पडणार नाही. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणमला नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे, १९९० पासूनचं. १८.२ किलोहर्ट्झवर त्याचा सिग्नल पुण्यात बाराशे किलोमीटरवरून असा येतो की वॉटरफॉलवर सुमारे २०० हर्ट्झ रुंदीचा धुरकट पट्टा उठून दिसतो. हे पाणबुड्यांशी बोलायचं साधन आहे, कारण ही लाट समुद्राच्या पाण्यात काही मीटर शिरते. मजकूर सांकेतिक असतो आणि त्याच्या वाटेला आपण जायचंही नाही. आपलं काम फक्त सिग्नल किती जोराचा आहे ते मोजणं. तो अधूनमधून बंद असतो, तेव्हा लगेच अँटेनावर संशय घेऊ नका. तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडमला अशाच दुसऱ्या केंद्राची पायाभरणी २०२४ च्या ऑक्टोबरात झाली. ते पुण्यापासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. ते सुरू झाल्यावर आपल्या भागातल्या हौशींना प्रीअँपचा गेन कमी करावा लागेल.

त्यानंतर १९.८ वर ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथजवळचं एनडब्ल्यूसी, एक मेगावॉटचं. पुण्याहून त्याची दिशा आग्नेय, आणि वाट बहुतेक सगळी समुद्रावरून. २२.२ वर जपानचं एबिनो, २३.४ वर जर्मनीतलं राउडरफेन. रशियाचे नेव्हिगेशनचे अल्फा सिग्नल ११.९०५, १२.६४९ आणि १४.८८१ वर असतात, ३.६ सेकंदांच्या चक्रात छोटे छोटे ठोके येतात. ते चालू असतील तेव्हा नवख्याने कानाने ओळखावं असं याहून सोपं काही नाही.

टाइम सिग्नल हा पुढचा टप्पा, आणि इथे रात्र लागते. चीनमधल्या शांगच्यूचं बीपीसी ६८.५ वर, आपल्यापासून साडेचार हजार किलोमीटर. जपानचं जेजेवाय ४० आणि ६० वर, जर्मनीचं डीसीएफ ७७.५ वर. ६० किलोहर्ट्झला गोंधळ होतो कारण जपान, इंग्लंड आणि अमेरिका तिघंही तिथेच आहेत. ओळखायची युक्ती: जपानचा सिग्नल सेकंद सुरू होताना वर चढतो आणि मग पडतो, इंग्लंड आणि अमेरिकेचे सेकंद सुरू होताना पडतात. जीपीएसशी जुळवलेलं घड्याळ शेजारी ठेवलं आणि शंभर-दोनशे सेकंद एकावर एक रचून सरासरी काढली, की आवाजात बुडालेला सिग्नलही आपला आकार दाखवतो. डीसीएफचा सिग्नल तर दर सेकंदाला पडतो, फक्त मिनिटाच्या ५९ क्रमांकाच्या सेकंदाला पडत नाही, तेवढ्यावरून ओळखू येतो.

गावी जाल तेव्हा मात्र हे सगळं बाजूला ठेवून एक रात्र लूपशिवाय, नुसती मीटरभर उभी काडी आणि प्रीअँप घेऊन बसा. विजेच्या तारांपासून चार-पाचशे मीटर दूर, शेतात. साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झवर, हेडफोन कानात. इथे रेडिओ ट्यून करायचाच नाही. ही फ्रिक्वेन्सी कानाच्याच टप्प्यातली आहे. दूरच्या विजांची तडतड ऐकू येईल आणि अंधार पडल्यावर तिच्यातले काही आवाज 'प्यूं' करून घसरत खाली येतील आणि एका ठरावीक सुरावर विरतील. यांना ट्वीक म्हणतात. ती लाट जमीन आणि आयनांबर यांच्यात शेकडो-हजारो किलोमीटर आपटत आलेली असते, आणि त्या फटीतून ज्याच्या खाली जाताच येत नाही त्या सुरावर ती संपते. वॉटरफॉलवर त्या शेपटीचा तळ वाचा. समजा १,७०० हर्ट्झ आला. तीन लाखाला त्याच्या दुपटीने, म्हणजे ३,४०० ने भागा: ८८ किलोमीटर. आयनांबराचा तळ त्या क्षणी किती उंचीवर होता ते तुम्ही शेतात बसून, रॉकेट न उडवता मोजलंत. इतक्या वर्षांनंतरही मला या हिशोबाइतका आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही. शहरात हे अशक्य, कारण ५० हर्ट्झचे हार्मोनिक नेमके याच पट्ट्यात कंगव्यासारखे भरलेले असतात.

अशा रात्री नशीब असेल तर व्हिसलरही मिळतो: विजेची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून दुसऱ्या गोलार्धात जाऊन येते आणि लांब उतरती शिट्टी वाजते. आपल्या कमी अक्षांशांवर तो दुर्मीळ. गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे शास्त्रज्ञांनी त्यांच्या नोंदी केल्या आहेत. सह्याद्रीत त्याची वाट बघावी, पण त्याच्या भरवशावर रात्र आखू नये.

फ्लॅटमध्ये राहूनही खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल असं काम म्हणजे सौर ज्वाळांची नोंद. विजयनारायणम आणि एनडब्ल्यूसी या दोघांची ताकद दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये उतरवत राहा. स्पेक्ट्रम लॅबसारखं मोफत सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. रोजचा आलेख आठवडाभरात पाठ होतो. सूर्योदय-सूर्यास्ताला खड्डे पडतात, दुपारी रेषा सपाट असते. ज्वाळेचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोहोचले की दिवसाच्या बाजूचा आयनांबराचा तळ खाली येतो आणि सपाट रेषेवर एक उंचवटा उमटतो, चढण उभी आणि उतार लांब. वाट उजेडात असली पाहिजे ही अट. १४ मे २०२४ ची एक्स ८.७ ची (एक्स हा ज्वाळांचा सगळ्यात जोरदार वर्ग) मोठी ज्वाळा आपल्याकडे रात्री दहा वाजून एकवीस मिनिटांनी शिखरावर होती. तिचा आपल्या आलेखावर असा उंचवटा येणंच शक्य नव्हतं. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९ ची ज्वाळा संध्याकाळी पाच अठ्ठेचाळीसला आली, तेव्हा पुणे-विजयनारायणम वाट अजून उन्हात होती आणि एक्समाउथला मात्र अंधार पडलेला होता. दोन स्टेशनांची नोंद एकत्र का ठेवायची ते या एका संध्याकाळवरून कळतं. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञही हाच पट्टा अभ्यासतात. तुमच्या फाइलींवर वेळ अचूक असेल तर त्या कुणाच्याही कामाच्या आहेत.

हौशी रेडिओचे स्वतःचे दोन पट्टे इथे आहेत: १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, २००७ च्या जागतिक परिषदेत मंजूर झालेला, आणि ४७२ ते ४७९, २०१२ चा. प्रभावी शक्तीची मर्यादा सर्वसाधारणपणे एक वॉट. एक वॉट वाचून हसू नका. १३६ किलोहर्ट्झचा पाव तरंग साडेपाचशे मीटरचा होतो. पंधरा-वीस मीटरच्या खांबावरून तो एक वॉट हवेत सोडायला शेकडो वॉट ओतावे लागतात, बाकी सगळं जमिनीत तापून जातं. म्हणून इथे मोर्स इतकं संथ पाठवतात की एक टिंब तीन, दहा किंवा साठ सेकंदांचं. ते कानाने नाही, स्क्रीनवर वाचतात. २,५०० हर्ट्झच्या नेहमीच्या रुंदीऐवजी ०.१ हर्ट्झच्या खिडकीतून पाहिलं तर आवाज ४४ डेसिबलनी खाली जातो; अँटेना कितीही मोठी केली तरी एवढा फायदा मिळणार नाही. तुमचं डोंगल, अपकन्व्हर्टर लावून, इथे कामाला येईल. ४७४.२ वर डब्ल्यूएसपीआर (अगदी क्षीण सिग्नल संगणकाने ओळखण्याची पद्धत) लावून ठेवा, डिसेंबर-जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, जेव्हा इथून युरोपपर्यंत सगळी वाट अंधारात असते. संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. ऐकायचंच नाही तर पाठवायचंही मनात आलं, तर आधी परीक्षा आणि परवाना, आणि हे पट्टे आपल्या परवान्यात बसतात का त्याची खात्री.

हंगामाचं सांगायचं तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा आपला काळ. वळवाच्या दिवसांत एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात ऑक्टोबर, तडतड इतकी की टाइम सिग्नल विसरा. ढग गडगडायला लागले की लूप आत घ्या आणि वायर सोडवून बाहेर टाका, त्यात चालढकल नको.

यंदा एक तारीख धरून तयारी करा: २४ डिसेंबर. स्वीडनमध्ये ग्रिमेटोनला १९२४ चं अलेक्झांडरसन अल्टरनेटर अजून चालू स्थितीत आहे. फिरणाऱ्या यंत्रानेच १७.२ किलोहर्ट्झ तयार करणारं, युनेस्कोच्या जागतिक वारशात २००४ पासून असलेलं. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आणि जूनअखेरच्या किंवा जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी ते हाताने मोर्स पाठवतात, स्टेशनचं ओळखनाव एसएक्यू. नाताळचं प्रसारण सहसा आपल्या दुपारी दीडच्या सुमारास असतं, नेमकी वेळ ते आधी जाहीर करतात. पुण्याहून साडेसहा हजार किलोमीटर. वाट सगळी दिवसाची, आणि तडतड कमी असण्याचा महिना.

अडचण १८.२ ची. फक्त एक किलोहर्ट्झ वर विजयनारायणम गर्जत असतं, आणि साहजिकच लूपच्या बहिऱ्या दिशेने त्याला मारावं असं मनात येतं. इथून ते चालत नाही. पुण्याहून विजयनारायणमची दिशा सुमारे १५९ अंश, ग्रिमेटोनची ३२६. लूपला पुढची आणि मागची बाजू सारखीच, त्यामुळे १५९ ला बहिरी केलेली लूप ३३९ लाही बहिरी होते, आणि ग्रिमेटोन तिथून अवघ्या तेरा अंशांवर. आपणच तो सिग्नल तेरा डेसिबलनी दाबतो. त्यापेक्षा लूपच्या चौकटीचं प्रतल वायव्य-आग्नेय ठेवा, गेन इतका कमी करा की कार्ड १८.२ ने ओसंडणार नाही, आणि बाकीचं ३०-४० हर्ट्झच्या अरुंद फिल्टरवर सोडा. शक्य असेल तर हे पाटणहूनच करा. प्रसारणाच्या आधी अर्धा तास पूर्ण ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं कच्चं रेकॉर्डिंग सुरू करून ठेवा, म्हणजे त्या वेळी काही दिसलं नाही तरी रात्री निवांत बसून फिल्टर बदलून तेच पुन्हा पाहता येईल. सुरुवातीला ते सीक्यू (सगळ्यांना हाक) आणि एसएक्यू वारंवार पाठवतात. आधी तीन टिंबं आणि मग टिंब-रेघ शोधा, म्हणजे एस आणि ए.